जिथे गावच नाही तिथे रस्ता कुणासाठी?

रानभैरी (अ‍ॅडलेड)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

गेल्या हिवाळ्यात (इथला हिवाळा, म्हणजे तुमचा जुलै) दोन मित्रांबरोबर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीहून पश्चिमेला अ‍ॅन बीडेल हायवेवर गेलो होतो. 'हायवे' या शब्दावर जाऊ नका. दोन चाकोऱ्या, मधे गवत, दोन्ही अंगांना मुल्गाची खुरटी झाडं. कूबर पीडी ते लॅव्हर्टन साधारण १,३२५ किलोमीटर आणि एवढ्या वाटेवर डिझेल मिळणारं ठिकाण एकच, इलकुर्लका.

तिसऱ्या दिवशी टायर फुटला. जॅक लावताना बाजूच्या खांबाला ठोकलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिसली. अक्षांश, रेखांश, तारीख. एकेक अक्षर ठोकून उमटवलेलं, आपल्याकडे रुखवताच्या भांड्यांवर नावं घालतात ना, तसं. खाली नाव : लेन बीडेल.

परत आल्यावर या माणसामागे लागलो. लष्करातला सर्व्हेअर, जन्म १९२३. १९४७ पासून वूमेराच्या क्षेपणास्त्र तळाची आखणी, मग ब्रिटिशांच्या अणुचाचण्यांसाठी एमू आणि मारालिंगाच्या जागा शोधणं, आणि १९६३ पर्यंत मोजक्या माणसांची एक टोळी घेऊन वाळवंटात ६,००० किलोमीटरहून जास्त रस्ते. त्यांतला सगळ्यात गाजलेला गनबॅरल हायवे. १९५५ ते ५८, व्हिक्टरी डाउन्सपासून कार्नेगी स्टेशनपर्यंत सुमारे १,३५० किमी. (इथे स्टेशन म्हणजे गुरांचा प्रचंड मोठा फार्म. पहिल्या वर्षी मी तिथे रेल्वे शोधत होतो.) रस्ता बंदुकीच्या नळीसारखा सरळ हवा हा त्याचा हट्ट, म्हणून ते नाव.

माझे प्रश्न दोन. जीपीएस नाही, नकाशा कोरा, खूण म्हणावी अशी टेकडीसुद्धा नाही, तर आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळायचं कसं? आणि दुसरा, जो टायर बदलताना डोक्यात आला तो अजून जात नाही. आपल्याकडे आधी गाव असतं, मग गावकरी वर्षानुवर्षं अर्ज करतात, मग रस्ता येतो. इथे दोन्ही टोकांच्या मधे कुणीच नाही. मग हा रस्ता कुणासाठी? आणि कुणी नसताना सरळ असण्याचा एवढा हट्ट कशाला?

तिरकमठा

पहिला! रस्ता असून खड्डे नाहीत? बनाव दिसतोय.

रानभैरी

@तिरकमठा, खड्डे नाहीत, आडव्या लाटा आहेत. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. कवळी असेल तर खिशात ठेवून निघा.

सातबारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मोजणी खात्यात ३४ वर्षं काढली आहेत, बांधावरची भांडणं सोडवण्यात केस पांढरे केले, पण तारे पाहून जागा काढायला शिकलो ते प्रशिक्षणात, तेही एकदाच. त्यानंतर कधी गरज पडली नाही.

अक्षांशाचं काम तुलनेनं सोपं. आपल्याकडे ध्रुव ताऱ्याची उंची थिओडोलाइटनं (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) मोजली, थोडी दुरुस्ती केली की अक्षांश हातात. ऑस्ट्रेलियातून ध्रुव दिसतच नाही, आणि दक्षिण ध्रुवाजवळ तसा ठळक ताराही नाही. म्हणून डोक्यावरून जाणारे तारे धरायचे, काही उत्तरेकडचे, काही दक्षिणेकडचे, आणि ते माथ्यावर सर्वांत उंच येतील तेव्हाची उंची घ्यायची. दोन्हीकडचे घेतले की उपकरणातली आणि हवेतल्या वक्रीभवनाची चूक बरीचशी एकमेकींना कापते.

खरी परीक्षा रेखांशाची. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणजे ताऱ्याची वेळ घेताना घड्याळ १ सेकंदानं चुकलं तर तिथल्या अक्षांशावर तुम्ही साधारण ४०० मीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकता. त्यामुळे शॉर्टवेव्ह रेडिओवर वेळेचे ठोके ऐकून घड्याळाची चूक आधी नोंदवायची. आकाशवाणीच्या बातम्यांआधी टूं टूं यायचं, आमच्या आजोबांचं घड्याळ त्यावर लागायचं, तीच जात. मग रात्रभर निरीक्षणं, आणि कंदिलाच्या उजेडात लॉगरिदमची कोष्टकं घेऊन गणित. दिवसभर रस्ता शोधून आलेल्या माणसानं रात्री हे करायचं. मला त्या सरळ रस्त्यापेक्षा याचं जास्त नवल वाटतं.

शेंगदाणा

दंडवत सातबारा काका. वाचनखूण साठवली आहे.

हिंगणघाटी

थिओडोलाइटचा विषय निघाला आणि आमचं गाव राहिलं असं होणार नाही. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला आमच्या हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. १८०२ मध्ये मद्रासहून निघालेला माणूस, मोजत मोजत वर सरकत विदर्भात येऊन थांबला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर सुटून आपटला, तो त्यानं स्वतः ठोकून ठाकून दुरुस्त केला. बीडेलचं यंत्र लँडरोव्हरमधून जायचं, म्हणजे प्रगती म्हणायची.

गावातल्या किती जणांना ही कबर माहीत आहे हे विचारू नका.

डांबरट

सगळे ताऱ्यांकडे बघताय, जरा खाली बघू. मी बांधकाम खात्यातला (हो, मीच तो, शिव्या नंतर द्या). रानभैरी, तुमच्या वर्णनावरून याला रस्ता म्हणायला माझा नकार आहे. भराव नाही, खडीकरण नाही, दबाई नाही, मोऱ्या नाहीत. बुलडोझरनं झाडं उखडायची, मागून ग्रेडरनं वरचा थर तासून कडेला सारायचा, की झालं. असा तासलेला रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली जातो. पुन्हा ग्रेडर मारला की अजून खाली. पाऊस पडला की तो रस्ता राहत नाही, ओढा होतो. मधे उंचवटा काढून पाणी दोन्हीकडे उतरवायचं हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

रानभैरी

@डांबरट, शंभर टक्के खरं. काही ठिकाणी आम्ही दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींतून चाललो होतो, छातीइतक्या. पाऊस झाला तर रस्ता बंदच करतात. पण जरा त्यांच्या बाजूनं बघा. मुरूम आणायचा कुठून? पाणी दबाईला घालायचं की प्यायला ठेवायचं? तेसुद्धा ट्रकनं शेकडो किलोमीटरवरून यायचं.

कामाची रीत मात्र भन्नाट होती. बीडेल एकटा लँडरोव्हर घेऊन पुढे जायचा, झाडोरा तुडवत. मुल्गाच्या मोडक्या बुंध्यांनी टायर फाटायचे आणि स्पिनिफेक्स गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत बसून इंजिन तापायचं. पुढचा उंचवटा सापडला की तिथे थांबून आरशानं उन्हाचा कवडसा मागे टाकायचा, नाहीतर आकाशात लाल बार उडवायचा. मैलोगणती मागे असलेला बुलडोझरवाला त्या चमकेवर नाक धरून यायचा. त्याच्या मागून ग्रेडर. आणि मुक्काम रोज पुढे सरकणारा.

तिरकमठा

म्हणजे लहानपणी आम्ही समोरच्या गॅलरीत आरसा मारायचो तो सर्व्हेच होता. उगाच मार खाल्ला.

शेंगदाणा

अ‍ॅन बीडेल ही कोण?

रानभैरी

बायको. मुलीच्या नावानं कॉनी सू हायवे. ती काही महिन्यांची असताना आईबापांबरोबर त्या मोहिमेवर होती, १९६२ मध्ये. मुलगा गॅरी, त्याच्या नावानं गॅरी हायवे. धाकटी जॅकी, तिला एक तिठा मिळाला, जॅकी जंक्शन.

शेंगदाणा

आमच्याकडे बायकोच्या नावावर फक्त गॅसचं कनेक्शन आहे.

तिरकमठा

१,३२५ किलोमीटर लांब आणि मधे थांबायला जागा नाही. बायकोनं नाव देताना विचार केला असेल का, की नवऱ्यानं?

मुक्तछंदी

आरसे, बायको, गॅस कनेक्शन, सगळं छान चाललंय. पण रानभैरींच्या दुसऱ्या प्रश्नात एक वाक्य आहे त्यावर कुणी बोललं नाही. "मधे कुणीच नाही." मधे माणसं होती. पित्जंत्जारा, न्गान्यत्जारा, पिंटुपी, मर्तू, हजारो वर्षांपासून. त्यांच्या वाटा पाण्यापासून पाण्यापर्यंत जायच्या, त्या वाटा गाण्यांत पाठ होत्या. आपल्याला नकाशा कोरा दिसतो कारण तो आपल्याला वाचता येत नाही.

आणि रस्ता कुणासाठी, याचं उत्तर सरळ आहे. एमूला ऑक्टोबर १९५३ मध्ये दोन अणुस्फोट, मारालिंगाला १९५६-५७ मध्ये सात. पहिल्या एमू स्फोटानंतर काळं धुकं अंगावरून गेलं असं सांगणारे यामी लेस्टर तेव्हा लहान मुलगा होते, पुढे त्यांची दृष्टी गेली. त्यांच्यासारख्यांनी आवाज उठवल्यावर १९८४-८५ मध्ये या चाचण्यांच्या चौकशीसाठी शाही आयोग बसला. जाइल्सचं हवामान केंद्र १९५६ मध्ये उभं राहिलं, ते या चाचण्यांसाठी वरच्या थरातला वारा मोजायला. गनबॅरल आधी तिथवर गेला तो काही पर्यटकांच्या सोयीसाठी नव्हे.

सातबारा

मुक्तछंदी ताई, माहिती मान्य. पण सर्व्हेअरचा दोष कितपत? आम्हीही धरणाच्या बुडित क्षेत्राची मोजणी केली आहे. हुकूम वरून येतो.

मुक्तछंदी

काका, दोष म्हणत नाही. तो माणूस रांगडा, विनोदी, टोळीतल्या लोकांचे दुखरे दात स्वतः उपटून द्यायचा, हे सगळं मीही वाचलंय. पण त्याच काळात, त्याच खात्याच्या पगारावर वॉल्टर मॅकडूगल नावाचा माणूस होता. एवढ्या मुलखातल्या मूळ रहिवाशांवर लक्ष ठेवायला कितीतरी वर्षं हा एकटा. जाइल्सच्या केंद्रानं आणि रस्त्यानं तिथल्या लोकांचं जगणं उद्ध्वस्त होईल असं त्यानं लेखी कळवलं. वरून काय उत्तर आलं? मूठभर आदिवासींना हा राष्ट्रकुलाच्या वर बसवतोय, याचं तारतम्य सुटलंय. म्हणजे हुकूम वरून येत असतानाही कुणीतरी बोलू शकत होतं. आणि बोलून उपयोग झाला नाही, हेही खरं.

सातबारा

माझ्या फाइलीत मी असं काही लिहिलं नव्हतं. असो.

उंटावरचा शहाणा

वातावरण जड झालं, थोडं अवांतर. रानभैरी, वाटेत उंट दिसले का? ते आपल्याकडचे. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी २४ उंट कराची बंदरातून बोटीनं मेलबर्नला गेले. पुढे हजारो गेले, बरोबर बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी उंटवाले. तिकडे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे, 'घान' रेल्वेचं नाव त्यावरूनच. तिथलं वाळवंट शोधायला निघालेल्या १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत बेजाह दरवेश नावाचा बलुची होता, हिंदुस्थानी फौजेतून आलेला. बीडेलच्या आधी साठ वर्षं ही माणसं त्या वाळवंटातून सामान नेत होती. मोटारी आल्यावर उंटांना गोळ्या घाला म्हणून फर्मान निघालं, पण बऱ्याच जणांच्यानं ते झालं नाही आणि त्यांनी उंट मोकळे सोडले. आज त्यांचे वंशज पाणवठे तुडवतात म्हणून सरकार हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतं.

रानभैरी

दिसले. एक कळप तर अर्धा तास गाडीपुढे दुडक्या चालीनं पळत होता. बाजूला सगळं रान मोकळं, पण नाही, रस्त्यावरूनच. रस्ता कुणासाठी याचं एक उत्तर तेव्हा मिळालं होतं.

दिघीकर

आमचे मोठे काका ग्रेफमध्ये, म्हणजे सीमा सडक संघटनेच्या रस्ते बांधणाऱ्या दलात होते. दिघी कॅम्पातून भरती, मग साठच्या दशकाअखेरीस जैसलमेरकडे. सीमा सडक संघटना १९६० ची, म्हणजे बीडेल सँडी ब्लाइटचा रस्ता काढत होता त्याच वर्षीची. काका सांगायचे, थरमध्ये रस्ता बांधणं सोपं, दुसऱ्या दिवशी तो शोधणं अवघड. वाळू रात्रीत येऊन बसते. म्हणून तिथे रस्ता बाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच आणि कडा उतरत्या ठेवायच्या, की वारा वाळूला थांबू न देता पलीकडे नेतो. शिवाय वाऱ्याच्या बाजूला खींप-फोगाच्या काटक्यांच्या ओळी रोवायच्या. डांबरट म्हणतात तसा तासून खोल केलेला रस्ता थरमध्ये आठवड्यात भरून गेला असता. ऑस्ट्रेलियात टिकला तो बहुधा तिथल्या टेकड्यांवर गवत असतं म्हणून.

सरळ रस्ते तिकडेही होते. काकांच्या मते सरळ रस्त्याचा शत्रू वाळू नाही, झोप.

डांबरट

दिघीकर, काकांना सलाम. हे पुस्तकात सापडत नाही. बाकी गवताचं बरोबर. वाळू पकडून ठेवणारं काहीतरी असलं की टेकडी चालत नाही.

डोळस

कुणीतरी सँडी ब्लाइट म्हणालं म्हणून. ही आपल्या खुपऱ्यांच्या जातीची दुखणी, डोळ्यात वाळू खुपल्यासारखं होतं. बीडेलला तो मार्ग शोधताना हाच त्रास झाला म्हणून त्या रस्त्याचं नाव सँडी ब्लाइट जंक्शन रोड. ज्याचा सगळा धंदा दुर्बिणीला डोळा लावून, त्याचेच डोळे चिकटलेले. आमच्या लहानपणी शाळेत सगळ्यांच्या डोळ्यांत मलम घालत फिरायचे ते आठवलं. मूळ रहिवाशांमध्ये खुपऱ्या अगदी अलीकडेपर्यंत होत्या तिकडे, एवढ्या श्रीमंत देशात. मुक्तछंदींच्या मुद्द्याला जोडून घ्या.

नवखा_प्रवासी

पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. स्टेपनी किती न्यावी? आणि परवाने लागतात का?

रानभैरी

दोन, शिवाय पंक्चरचं सामान, आणि ते वापरता येणारा माणूस. परवाने एकाहून जास्त लागतात, काही भाग मारालिंगा त्जारुत्जा लोकांच्या मालकीचा आहे. आधी अर्ज करा. टायरमधली हवा कमी ठेवा. मी ठेवली नव्हती, म्हणून तर हा धागा.

डांबरट

मूळ मुद्द्यावर येतो, कारण रात्री झोप लागली नाही. सरळ असण्याचा हट्ट का? मला वाटतं रानभैरींनी स्वतःच उत्तर देऊन ठेवलंय आणि त्यांच्या लक्षात आलेलं नाही. आरसा! एका उंचवट्यावरून चमकवायचं, मागच्यानं त्या चमकेवर नाक धरून यायचं. उजेड वळत नाही, तर रस्ता कसा वळेल? दोन उंचवट्यांमधे तो सरळ होणारच. उंचवटा बदलला की कोपरा. आपण घाटात समपातळी धरून रेषा काढतो म्हणून आपले रस्ते नागमोडी. आणि जिथे वाळूच्या टेकड्यांच्या लांबलचक समांतर रांगा आहेत तिथे दोन रांगांच्या मधल्या घळीतून गेलं की आपोआप सरळ. आडवं जायची वेळ आली की बीडेललाही वळसे घ्यावे लागले असणार.

रानभैरी

@डांबरट, बाप रे. हो. पश्चिमेकडे वळणं खूप आहेत, काही टेकड्या तिरक्या चढून जातो रस्ता. आम्ही 'हा कसला गनबॅरल' म्हणून हसत होतो, तो गनबॅरल नाहीच हे विसरून.

मुक्तछंदी

डांबरट, सरळपणाचा एक पदर अजून. साठच्या सुमाराचे रस्ते वूमेरातून वायव्येला जाणाऱ्या ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्राच्या मार्गाखालचा मुलूख खुला करायला होते. गंमत अशी की क्षेपणास्त्र म्हणून ब्लू स्ट्रीक १९६० मध्येच रद्द झालं. रॉकेट म्हणून ते १९६४ मध्ये उडालं, तोवर रस्ते होऊनही गेले होते. त्याच साली पडणाऱ्या तुकड्यांच्या टापूत कुणी आहे का बघायला अधिकारी गेले तेव्हा पर्सिव्हल तलावांजवळ वीसेक मर्तू बायका-मुलं भेटली. गोऱ्या माणसाशी आणि मोटारीशी त्यांची पहिली गाठ. तिथून त्यांना हलवलं.

पण माझ्या आधीच्या पोस्टला मीच एक पुरवणी जोडते. गॅरी जंक्शन रोडवर आज किविर्कुरा नावाचं गाव आहे, पिंटुपी लोकांचं, ऐंशीच्या दशकात परत येऊन वसवलेलं. आणि रानभैरी, तुम्ही डिझेल भरलंत ते इलकुर्लका तिथल्या मूळ रहिवाशांचं, स्पिनिफेक्स लोकांचं आहे. चाचण्यांच्या काळात मुलूख सुटला, २००० साली कायद्यानं हक्क परत मिळाला. परत यायला हाच रस्ता कामी आला. म्हणजे आधी रस्ता, मग गाव, आणि त्याच्याही आधी माणसं.

रानभैरी

इलकुर्लकाच्या काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं होतं, "इथे इतक्या लांब कसं राहता?" त्या म्हणाल्या, "लांब? कशापासून?" तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला होता.

सातबारा

रानभैरी, एक काम करा. त्या पट्टीचा फोटो असेल तर आकडे इथे टाका आणि त्याच जागेचे तुमच्या जीपीएसचे आकडेही. मला पडताळायचं आहे. फरक येणार हे आत्ताच सांगतो. एक तर त्यांचा आधारबिंदू वेगळा होता, जुन्या ऑस्ट्रेलियन नकाशांचे आणि आजचे आकडेच सुमारे २०० मीटरनं सरकलेले आहेत. दुसरं, तारे पाहून काढलेली जागा शेवटी ओळंब्यावर उभी असते आणि आसपासच्या डोंगराच्या ओढीनं ओळंबा केसभर कलतो. ते सगळं वजा करून हातात किती उरतं ते बघू. तेवढी त्या माणसाची चूक.

रानभैरी

काका, फोटो आहे. अक्षांश स्वच्छ वाचता येतो. रेखांशावर माझा अंगठा आलाय.

आणि दुसरी वाईट बातमी. आत्ताच वाचलं की बऱ्याच मूळ पट्ट्या लोकांनी आठवण म्हणून पळवल्या, आता आहेत त्या नकला.

सातबारा

नक्कल असली तरी आकडे त्याचेच असतील. पुढच्या वेळी अंगठा बाजूला ठेवा.

नवखा_प्रवासी

काका, मी जातोय मे महिन्यात. मी आणतो.